‘इळा’ म्हटले तरी बरोबर : मेंदूतील गाठ आणि भाषेची परीक्षा

समजा, भोकरदन तालुक्यातल्या एका गावातून पन्नाशीच्या एक शेतकरी बाई मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात आल्या आहेत. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, कानाच्या वरच्या बाजूला गाठ आहे. शस्त्रक्रियेपूर्वी एक तज्ज्ञ त्यांच्यासमोर चित्रांची वही उघडतात आणि एकेका चित्रावर बोट ठेवून विचारतात, ‘‘बाई, हे काय आहे?’’

चित्र ओळखून नाव सांगणे ही फार जुनी आणि फार उपयोगी चाचणी आहे. मेंदूतल्या भाषेच्या यंत्रणेला कुठेही धक्का बसला, तरी बहुधा पहिल्यांदा नावेच अडखळतात. ‘ते हे... आपलं ते... कापायचं’ असे होऊ लागते. जगभर गाजलेल्या बोस्टन नेमिंग टेस्टमध्ये अशी साठ चित्रे आहेत. त्यांत बीव्हर नावाचा प्राणी आहे, बर्फाचे घर म्हणजे इग्लू आहे, अस्परॅगस ही भाजी आहे आणि प्रेट्झेल नावाचा पीळ घातलेला खारा पदार्थही आहे. आमच्या कल्पनेतल्या बाई या चित्रांपुढे गप्प बसल्या, तर तो दोष गाठीचा की वहीचा?

आता वही बदलू. विळा, जाते, तिफण, सूप, चाडे अशी चित्रे ठेवू. पहिल्याच चित्राला बाई उत्तर देतात, ‘‘इळा.’’ शहरात वाढलेला परीक्षक क्षणभर थांबतो. पहिला ध्वनी गळला, म्हणजे ही उच्चारातली चूक मानायची काय? मेंदूच्या आजारात शब्दातले ध्वनी गळतात, बदलतात, हे खरेच आहे. पण मराठवाड्यात विळ्याला ‘इळा’ आणि विहिरीला ‘इहीर’ म्हणणारी माणसे घरोघरी आहेत आणि त्यांचे मेंदू ठणठणीत आहेत. ‘इळा’ला पूर्ण गुण द्यायला हवा. हे ठरवण्यासाठी नुसते मेंदूशास्त्र पुरत नाही, जालन्याची बोली माहीत असावी लागते. या लेखात आपण पाहणार आहोत ते हेच : मेंदूत गाठ असलेल्या माणसाची भाषा, स्मरण, अवधान आणि विचारशक्ती कशी मोजतात, का मोजतात, आणि ते मोजताना शाळा व भाषा यांचा संबंध कोठे येतो.

छायाचित्र असताना परीक्षा कशाला?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील. एमआरआय यंत्र मेंदूच्या आतली गाठ मिलिमीटरच्या हिशेबात दाखवते. मग चित्रे ओळखायला लावण्याची गरज काय?

छायाचित्र जागा दाखवते, त्या जागेचे काम दाखवत नाही. गावाच्या नकाशात पाण्याची टाकी दिसते, पण तिच्यावर आज किती घरे अवलंबून आहेत हे नकाशावरून कळत नाही, तसेच काहीसे हे आहे. शिवाय प्रत्येक मेंदूत कामाची वाटणी थोडी निराळी असते.

वाटणी असते हे कळले तेच मुळी आजारी माणसांमुळे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण वर्षानुवर्षे होता. त्याला दुसऱ्याचे बोलणे बरेचसे समजे, पण तोंडातून ‘टॅन’ याखेरीज जवळजवळ काही निघत नसे. १८६१ मध्ये तो वारला तेव्हा पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला. कपाळामागच्या भागात, डाव्या बाजूला, ठळक इजा होती. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने उलट प्रकारचे रुग्ण वर्णन केले. त्यांचे बोलणे ओघवते असे, पण अर्थहीन, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांची इजा अधिक मागे, कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला होती. भाषा जाण्याच्या या विकाराला मराठीत वाचाघात म्हणतात.

पाठ्यपुस्तकांत ही दोन क्षेत्रे दोन ठिपक्यांसारखी काढलेली असतात. आज आपल्याला माहीत आहे की भाषा ही दोन ठिपक्यांची मिरास नाही. अनेक भाग आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचे जुडगे मिळून ते काम करतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव जणांत हे जाळे मुख्यतः डावीकडे असते. डावखुऱ्यांतही बहुसंख्यांचे डावीकडेच असते, पण त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत ते उजवीकडे किंवा दोन्हीकडे वाटलेले असते. म्हणून परीक्षक प्रथम विचारतात, ‘‘तुम्ही उजवे की डावे?’’

हा साधा प्रश्नही आपल्याकडे साधा नाही. डाव्या हाताने जेवणारे मूल घरी दटावले जाते आणि डाव्या हाताने लिहिणारे मूल शाळेत. (हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. काहींनी केलेही असेल.) त्यामुळे ‘कोणत्या हाताने लिहिता, कोणत्या हाताने जेवता’ या प्रश्नांची उत्तरे मेंदूबद्दल सांगण्यापेक्षा वळण लावणाऱ्यांबद्दलच अधिक सांगतात. दगड कोणत्या हाताने भिरकावता, विळा कोणत्या हातात धरता, हे विचारलेले बरे.

गाठीची एक खोडी अशी, की ती हळू वाढते. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून लकवा मारतो तेव्हा काही मिनिटांत बोलणे जाते. पण हळू वाढणाऱ्या प्रकारची गाठ वर्षानुवर्षे वाढत असते आणि मेंदू तेवढ्या अवधीत कामे इकडून तिकडे हलवत राहतो. फ्रान्समधील मॉंपेलिए येथील शल्यविशारद ह्यूग दुफो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा फरक सविस्तर मांडला. म्हणून भाषेच्या ऐन जागेवर मोठी गाठ असूनही रुग्ण व्यवस्थित बोलताना आढळतो. ‘व्यवस्थित’ हा शब्द मात्र गप्पांपुरता. बारकाईने चाचणी घेतली की नावे उशिरा येणे, लांब वाक्यात गोंधळणे, दोन कामे एका वेळी न जमणे, असे काही ना काही सापडते.

आणि सगळेच नुकसान भाषेचे नसते. उजव्या बाजूच्या मागच्या भागात गाठ असेल, तर माणसाचे डाव्या बाजूकडे लक्षच जाईनासे होते. दृष्टी शाबूत असते, पण ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. घड्याळ काढायला सांगितले तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले जातात. कपाळामागच्या भागातली गाठ याहून फसवी. स्मरण ठीक, बोलणे ठीक, पण माणूस काम सुरू करत नाही, सुरू केलेले सोडतो, भलत्या वेळी हसतो किंवा चिडतो. घरची माणसे म्हणतात, ‘स्वभाव बदलला’. मेंदूचा आजार म्हणून त्याच्याकडे पाहायला कोणी धजत नाही.

शस्त्रक्रियेच्या मेजावर गप्पा

चाचणीचा सर्वांत नाट्यमय उपयोग होतो तो रुग्ण जागा ठेवून केलेल्या शस्त्रक्रियेत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. कवटीवरची त्वचा बधिर केली की पुढचे काम रुग्ण जागा असताना करता येते. माँट्रियल येथे १९३४ साली स्थापन झालेल्या मेंदूविज्ञान संस्थेत वाइल्डर पेनफिल्ड यांनी ही पद्धत विकसित केली. मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युतप्रवाह देणारी सळई टेकवायची आणि त्याच वेळी रुग्णाला चित्र दाखवायचे. एरवी सहज ‘फुलपाखरू’ म्हणणारा रुग्ण त्या क्षणी अडला, की समजायचे, इथे भाषा आहे. तिथे कागदाची चिठ्ठी ठेवायची आणि ती जागा राखायची. आज मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह भारतातल्या अनेक मोठ्या केंद्रांत अशा शस्त्रक्रिया होतात.

इथे चाचणीचे साहित्य अचूक असणे किती मोलाचे आहे ते पाहा. रुग्ण अडला तो विजेमुळे, की त्याला चित्रच ओळखीचे नव्हते म्हणून? म्हणून आदल्या दिवशीच चित्रे दाखवून, जी चटकन सांगता येतात तेवढीच शस्त्रक्रियेसाठी निवडतात.

आता मंठा-परतूर भागातल्या तांड्यावरचा एक तरुण डोळ्यांपुढे आणा. घरी तो गोरमाटी बोलतो, शाळा मराठीत झाली, बाजारात आणि मोंढ्यात हिंदी. जालना शहरातल्या एखाद्या मुलाच्या बाबतीत गोरमाटीच्या जागी उर्दू घाला. ओजेमन आणि व्हिटेकर या दोघांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते की दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा अशा असतात, जिथे वीज दिल्यावर एका भाषेतले नाव अडते पण दुसरीतले येते. तेव्हा या तरुणाची चाचणी फक्त मराठीत घेतली, तर मराठी वाचेल. आजीशी बोलायच्या भाषेचे काय होईल याची हमी नाही. चाचणी रुग्णाच्या सगळ्या भाषांत व्हायला हवी, निदान घरच्या भाषेत तरी.

मराठीला मराठीची चाचणी

इंग्रजी चाचणीचे मराठी भाषांतर केले म्हणजे मराठी चाचणी तयार झाली, असा समज पुष्कळदा दिसतो. तो किती फसवा आहे हे शिक्षकांना चटकन कळेल, कारण व्याकरण आपण रोज शिकवतो.

‘कोणी कोणाला काय केले’ हे रुग्णाला समजते की नाही, ही आकलनाची नेहमीची चाचणी. इंग्रजीत कर्ता-कर्म ओळखायची मुख्य खूण शब्दांची जागा. मराठीत मात्र ‘मुलीने आईला ओढले’ आणि ‘आईला मुलीने ओढले’ या दोन्हींचा अर्थ एकच. ‘मुलीला आईने ओढले’ म्हटले, की अर्थ उलटा झाला. सगळा भार ‘ने’ आणि ‘ला’ या इवल्याशा प्रत्ययांवर. ज्याच्या मेंदूतली व्याकरणाची यंत्रणा दुखावली आहे त्याला नेमके हे प्रत्यय निसटतात, आणि मग तो जगाच्या अनुभवावरून अंदाज करतो : आई मोठी, तेव्हा तिनेच ओढले असणार. म्हणून चाचणीत दोन्ही बाजूंनी घडू शकणारी वाक्ये हवीत. ‘मुलाने आंबा खाल्ला’ इथे कुचकामी, कारण आंबा मुलाला खात नाही.

तेच वाक्य दुसऱ्या कामी येते. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले. क्रियापद खाणाऱ्याकडे न पाहता खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. इंग्रजीत हा प्रकारच नाही, त्यामुळे तिथून आलेल्या चाचणीत तो तपासलाही जात नाही. उलट इंग्रजीत कर्मणी प्रयोगाची वाक्ये आकलनाच्या चाचणीत भरपूर. त्यांचे शब्दशः मराठी केले की ‘मुलगा मुलीकडून ढकलला गेला’ असे काहीतरी होते, आणि ते ऐकून धडधाकट माणूसही पुन्हा एकदा सांगा म्हणतो.

बोलीचा मुद्दा इथेही आहेच. ‘मी काम केलो’ ही पुण्यात व्याकरणाची चूक ठरेल, सोलापूर-लातूरकडे ती रोजची बोली आहे. गाठ नसलेल्या, त्याच गावच्या, तेवढ्याच शिकलेल्या माणसांची उत्तरे आधी गोळा केल्याशिवाय कोणते उत्तर ‘चूक’ आहे हे सांगताच येत नाही. अशा उत्तरांवरून ठरवलेल्या मापाला चाचणीचे प्रमाणक म्हणतात. चाचणीचा खरा जीव त्यात असतो, प्रश्नांत नव्हे.

वर्गात करून पाहण्यासारखे

दोन छोटे खेळ सांगतो. हे खेळ मेंदू कसा काम करतो हे समजण्यासाठी आहेत. कोणाच्या बुद्धीचे माप काढण्यासाठी किंवा आजार शोधण्यासाठी नाहीत, आणि गुणांची यादी फळ्यावर लिहू नये ही आमची आग्रहाची विनंती.

पहिला खेळ अंकांचा. दर सेकंदाला एक या गतीने अंक वाचा : पाच, दोन, नऊ. विद्यार्थ्याने तेच परत म्हणायचे. मग चार अंक, पाच, सहा असे वाढवत जा. बहुतेक मोठ्यांची मजल सातच्या आसपास थांबते. आता तेच उलट्या क्रमाने म्हणायला सांगा. मजल एक-दोन अंकांनी घटते, कारण आता अंक नुसते धरून ठेवायचे नाहीत, मनात फिरवायचे आहेत. या ‘धरून फिरवण्या’ला कार्यस्मृती म्हणतात. हातचा धरून बेरीज करताना हीच लागते.

या खेळातही भाषा डोकावते. १९८० मध्ये एलिस आणि हेनेली यांनी वेल्श अंकांवर एक सुंदर अभ्यास केला. इंग्रजी प्रमाणकांच्या मानाने वेल्श मुलांची अंकांची मजल कमी दिसत होती. ती मुले कमअस्सल होती काय? नाही. वेल्श अंकांची नावे उच्चारायलाच जास्त वेळ लागतो, आणि मनातल्या मनात घोकताना तेवढा वेळ जातो. आपले एक, दोन, तीन, चार आखूड आहेत, तिथे आपण सुखी. पण शंभरातून सात-सात वजा करत जाण्याची जी प्रसिद्ध चाचणी आहे, ती मराठीत करून पाहा : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. वजाबाकी बरोबर येऊनही ‘एकोणऐंशी’ला जीभ अडखळते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आले तेव्हा झालेला गदारोळ वाचकांना आठवत असेल. वादात कोणती बाजू घ्यायची ते प्रत्येकाने ठरवावे, पण मराठी संख्यानामे अवघड आहेत ही तक्रार खोटी नव्हती. आणि ज्या आजीबाई आयुष्यभर विसांच्या हिशेबाने मोजत आल्या, ‘तीन विसा’ म्हणजे साठ, त्यांना शंभरातून सात वजा करायला लावून आपण मेंदू तपासतो की शाळा?

दुसरा खेळ शब्दांच्या ओघाचा. एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगायचे. ऐकताना क्रम टिपून घ्या. गाय, म्हैस, बैल, शेळी अशी गोठ्यातली रांग येते, मग थोडा थांबा, मग वाघ, सिंह, हत्ती. आठवण्याची दोन कामे इथे वेगळी दिसतात : एका गटात राहून शब्द काढणे आणि गट संपला की दुसऱ्यावर उडी मारणे. पहिले काम कानाजवळच्या भागावर अधिक अवलंबून असते, दुसरे कपाळामागच्या भागावर. यानंतर ‘क’ने सुरू होणारे शब्द सांगायला लावा. लगेच वाद सुरू होईल, ‘किडा’ चालेल का, ‘क्रम’ चालेल का? इंग्रजी चाचणीत अक्षर म्हणजे अक्षर. बाराखडी असलेल्या लिपीत नियम आधी ठरवावा लागतो, आणि ज्याने पाटी हातात धरलीच नाही त्याला तर हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नसतो. प्राणी मात्र त्यालाही सांगता येतात.

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्यात साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते, स्त्रियांत सुमारे ६१ टक्के. म्हणजे निरक्षर रुग्ण हा अपवाद नव्हे. अशा माणसांसाठी चाचणी बनवता येते, हे हरियाणातल्या बल्लभगढच्या कामाने दाखवले. १९७५ पासून जगभर वापरात असलेली तीस गुणांची छोटी मानसिक चाचणी तिथल्या खेड्यांतल्या वृद्धांसाठी हिंदीत नव्याने बांधली गेली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करण्याऐवजी परीक्षकाचा चेहरा पाहून तसे करायचे. वाक्य लिहिण्याऐवजी तोंडी सांगायचे. भाषांतर करून थांबले नाहीत, प्रश्नामागचा हेतू राखून प्रश्न बदलला. पुढे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये भारतीय प्रमाणकांसह चाचण्यांचा मोठा संच प्रसिद्ध केला. आकडे आणि अक्षरे आलटून पालटून जोडण्याच्या परदेशी चाचणीऐवजी त्यात रंगीत वर्तुळे जोडण्याची चाचणी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा चाचणीसंच आला तो प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्यांत नव्हती. काही छोट्या चाचण्यांची मराठी भाषांतरे आहेत, परंतु खेड्यातली, कमी शिकलेली, बोली बोलणारी माणसे धरून केलेली प्रमाणके ही अजूनही करण्याजोगी गोष्ट आहे.

मुंबईतला एक मोठा प्रयोग

चाचण्यांनी उपचार कसे बदलतात याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. टाटा स्मारक केंद्रात डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात २०० मुले व तरुण रुग्णांवर एक अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांच्या मेंदूत सौम्य किंवा हळू वाढणाऱ्या गाठी होत्या आणि त्यांना किरणोपचाराची गरज होती.

किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम ऊतीत एक ज्यूल ऊर्जा. या रुग्णांना ५४ ग्रे मात्रा तीस हप्त्यांत दिली गेली. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक गंमत : ५४ ज्यूल ऊर्जेने एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाच्या शंभराव्या भागाहून थोडेसेच अधिक वाढते. एवढ्या ऊर्जेने पेशी भाजत नाही. पण हीच ऊर्जा अणूंतले इलेक्ट्रॉन उडवून डीएनएची साखळी तोडते. गाठ मरते ती त्यामुळे, आणि शेजारचा निरोगी मेंदू दुखावतो तोही त्यामुळेच.

चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यदृच्छेने, रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने किरण दिले. दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम, डोके अगदी घट्ट स्थिर ठेवून, कडेला कमीत कमी जागा सोडून दिले. मात्रा तीच, पण निरोगी मेंदूवर पडणारा भाग कमी. उपचारांपूर्वी, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी, पाच वर्षे, बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. बुद्ध्यंक मात्र नेमक्या किरणांच्या गटात अधिक चांगला टिकला. चाचण्या घेतल्याच नसत्या, तर दोन्ही पद्धती सारख्याच असे वाटले असते.

त्याआधी २०१० मध्ये याच केंद्राने २८ रुग्णांच्या अभ्यासातून आणखी बारीक गोष्ट दाखवली होती. डाव्या कानाजवळच्या खंडाच्या १३ टक्क्यांहून अधिक भागाला ४३.२ ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळाली, त्या रुग्णांचा बुद्ध्यंक लक्षणीय घसरला होता. किरणांची आखणी करणाऱ्याला असा आकडा हवाच असतो. तो या चाचण्यांमधूनच आला.

बुद्ध्यंक घसरला म्हणजे काय झाले, हे शिक्षकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. येणारी गोष्ट मूल विसरले, असे सहसा होत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आठव्या वर्षी साधारण मूल एका चाचणीतली २० कोडी सोडवते, आपल्या मुलानेही २० सोडवली. तीन वर्षांनी साधारण मूल ३२ सोडवते, आपले मूल २६. ते सहा कोडी नव्याने शिकले, पण बुद्ध्यंक काढताना तुलना वयाच्या सरासरीशी होते, म्हणून आकडा खाली आला. मेंदू नवे शिकतो आहे, पण त्याची चाल मंदावली आहे. मुलाच्या मेंदूत तंतूंवरचे वेष्टन तरुणपणापर्यंत तयार होत असते, आणि किरण त्याच कामात खोडा घालतात. त्यामुळे मूल जितके लहान तितका धोका मोठा. अगदी लहान मुलांत, विशेषतः तीन वर्षांच्या आतल्या, किरणोपचार शक्यतो टाळतात किंवा लांबवतात.

मूल शाळेत परत येते तेव्हा

मुलांतल्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रमांक लागतो. तरीही त्या विरळाच, एखाद्या शिक्षकाच्या साऱ्या नोकरीत असे मूल भेटणारही नाही. पण भेटलेच, तर आजाराची पहिली खूण वर्गात दिसू शकते. सकाळी उठताच डोके दुखणे आणि उलटी, हे वारंवार. चालताना तोल जाणे, मान वाकडी धरणे, दोन-दोन दिसणे, झटके येणे. अक्षर काही महिन्यांत बिघडत जाणे. यातले एकेक लक्षण साध्या कारणानेही येते, पण ती टिकून राहिली किंवा एकत्र दिसली, तर पालकांना डॉक्टरांकडे पाठवायला उशीर करू नये.

उपचारांनंतर मूल परतते ते केस गेलेले, कृश, आणि बहुतेकांना ‘बरे झालेले’ वाटणारे. मुलांत गाठी पुष्कळदा लहान मेंदूजवळ असतात. मेड्युलोब्लास्टोमा या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे चारांतल्या एका मुलाचे बोलणे एक-दोन दिवसांत बंद पडते आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू परतते, तेही पूर्वीसारखेच असेल असे नाही. काही औषधांनी कानांवर परिणाम होतो. झटक्यांच्या गोळ्यांनी सुस्ती येते. अशा मुलाला फळ्यावरचे उतरवून घ्यायला दुप्पट वेळ लागला, की ‘आधी हुशार होता, आता आळशी झाला’ हा शेरा ठरलेला. चाचणीचा अहवाल इथे कामी येतो. स्मरण चांगले पण वेग कमी, असे त्यात असेल, तर प्रश्नांची संख्या कमी करा, वेळ वाढवा, फळ्यावरचे छापील हातात द्या. कार्यस्मृती अधू असेल, तर तीन सूचना एका दमात देऊ नका. अहवाल इंग्रजीत आणि आकड्यांनी भरलेला असतो. पालकांनी तो तज्ज्ञांकडून सोप्या मराठीत लिहून मागावा, तेवढा त्यांचा हक्क आहे.

चाचणी एकदाच घेऊनही भागत नाही, कारण परिणाम वर्षांनी दिसतात. जालन्याहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक. दर खेपेस मजुरी बुडते, म्हणून पुढच्या फेऱ्या चुकतात. आणि लागोपाठ तीच चाचणी घेतली तर सरावाने गुण वाढतात, म्हणून तज्ज्ञ निराळे शब्द, निराळी चित्रे वापरतात. घरी किंवा शाळेत चाचणीची तयारी करून घेणे हा मायेपोटी होणारा प्रकार आहे, पण त्याने माप बिघडते.

तज्ज्ञांपुढची सर्वांत मोठी अडचण वेगळीच असते. गाठ होण्याआधी हे मूल कसे होते? आजारापूर्वी त्याची चाचणी कोणी घेतलेली नसते. आई-वडील ‘चांगला होता’ एवढेच सांगू शकतात. जुने पुरावे असतात ते शाळेच्या कपाटात : मागच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या, निबंध, सहामाहीच्या उत्तरपत्रिका, प्रगतिपुस्तक. शुद्धलेखन कोठे बिघडू लागले, ओळ वर-खाली कधी जाऊ लागली, गणितात हातचे कधी राहू लागले, हे तारखेनिशी तिथे दिसते. पालक मुंबईला निघतील तेव्हा या वह्या त्यांच्या पिशवीत घालून द्याव्यात, आणि सोबत एका कागदावर लिहावे : मूल घरी कोणती भाषा बोलते, वर्गात कोणती, आणि मूळचे डावखुरे होते का.